काशीहून एका दिवसात: सारनाथ, रामनगर आणि चुनार



मी सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल. मूळचा कराडकडचा, घर पुण्याला. मुलगी बीएचयूमध्ये नोकरीला असल्यामुळे गेली काही वर्षं दिवाळी झाली की आम्ही दोघं वाराणसीला येतो आणि होळीच्या सुमाराला परततो. या शहराशी ओळख मात्र जुनी आहे. इथल्या छावणीत ३९ गोरखा ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे मी १९९५ ते १९९७ या काळात मेजर होतो. त्यामुळे इंदूरहून, बडोद्याहून, बेळगावहून, हैदराबादहून कोणी ओळखीचं काशीला निघालं की त्यांचा फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो: "तीन दिवस आहेत, काय काय बघू?"

माझं उत्तरही ठरलेलं असतं. दोन दिवस काशीला द्या आणि एक दिवस काशीच्या बाहेर पडा.

यावर लोक जरा नाराज होतात. काशीला येऊन काशीच्या बाहेर जायचं? मी त्यांना मुंबईचं उदाहरण देतो. नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं मी कुलाब्याला होतो. मुंबईकराला एका दिवसाची सहल कोणी शिकवावी लागत नाही. गेटवेवरून लाँच पकडून घारापुरी, मांडव्याला उतरून अलिबाग, लोकलने वसईचा किल्ला, नेरळहून माथेरान. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि रात्री घरी येऊन आमटी-भात खायचा. समुद्राने एक बाजू अडवलेली असली तरी मुंबईकराला आपल्या शहराच्या चारी बाजू ठाऊक असतात.

आपला मराठी यात्रेकरू काशीला येतो तेव्हा नेमकं उलटं होतं. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, गंगापूजन, कोणाचं पिंडदान, संध्याकाळची आरती, बनारसी साडी, आणि गाडी पकडून परत. आपल्या लोकांच्या खुणा इथे पावलोपावली आहेत. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी बांधलं. शिंद्यांचा घाट आहे, भोसल्यांचा घाट आहे, झाशीच्या राणीचं जन्मस्थान भदैनीला आहे. हे सगळं बघाच. पण शहराच्या आजूबाजूला चाळीस किलोमीटरच्या आत जे आहे, त्यावाचून काशी अर्धीच कळते, असं माझं मत झालं आहे. ते मत कसं झालं, तेही सांगतो. त्यात माझी एक चूक आहे.

आज तीन जागा सांगणार आहे: सारनाथ, रामनगर आणि चुनार. तिन्ही जागा एकाच दगडाने जोडल्या आहेत. चुनारच्या डोंगरात पिवळसर-बदामी वालुकाश्म मिळतो. चुनार गंगेच्या वरच्या अंगाला, काशी खालच्या अंगाला. दगड नावेत घातला की प्रवाहाबरोबर खाली येतो. अशोकाच्या काळातले खांब याच दगडाचे, रामनगरचा किल्ला याच दगडाचा, आणि काशीच्या घाटांच्या पायऱ्यांवर तुम्ही बसता, त्यांतल्या बहुतेक याच दगडाच्या.

पहिली जागा सारनाथ. शहरापासून साधारण दहा किलोमीटर. टोटो, म्हणजे आपली ई-रिक्षा, किंवा ऑटो करून अर्ध्या दिवसात होतं. बुद्धांनी पहिला उपदेश इथे केला. धमेख स्तूप लांबूनच दिसतो. उंची पायासकट सुमारे ४३ मीटर. त्याच्या पश्चिमेला एक गोल जोतं आहे. तो धर्मराजिका स्तूप. १७९४ साली जगतसिंह नावाच्या काशीच्या एका दिवाणाने शहरात बांधकामाला विटा हव्यात म्हणून तो स्तूप उकरून नेला. त्या उकरण्यातूनच लोकांना कळलं की इथे जमिनीखाली काहीतरी मोठं आहे. तोडफोडीने शोध लागावा, असं इतिहासात घडतं.

वाटेत चौखंडी स्तूप लागतो. विटांच्या ढिगाऱ्यावर एक अष्टकोनी मनोरा आहे. हुमायून इथे येऊन गेला होता, त्याची आठवण म्हणून अकबराच्या काळात, १५८८ साली, तो बांधला. हुमायूनचं नाव लक्षात ठेवा, तो चुनारला पुन्हा भेटणार आहे. पुढे मूलगंधकुटी विहार आहे, १९३१ सालचा. आतल्या भिंतींवर कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने बुद्धचरित्र रंगवलं आहे. पायातली पादत्राणं काढून दहा मिनिटं शांत बसा.

आणि संग्रहालय चुकवू नका. शुक्रवारी ते बंद असतं, म्हणून शुक्रवारी सारनाथ ठरवू नका. १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल नावाच्या इंजिनिअरला जो चार सिंहांचा स्तंभशीर्ष सापडला, तो दारातून आत गेल्यावर समोरच उभा आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची झिलई अजून चमकते.

१९९६ साली मी आईला इथे आणलं होतं. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई जानेवारीच्या अखेरीला माझ्याकडे आली, होळीच्या आधी परत गेली. त्या दिवशी मी परेडवरून थेट आलो होतो, युनिफॉर्ममध्येच. आई सिंहांसमोर उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, हा तर तुझ्या खांद्यावरचा!"

मेजरच्या खांद्यावर फक्त तो सिंह असतो, दुसरं काही नाही. मी तो तीन वर्षं लावत होतो. तो दहा किलोमीटरवर आहे हे ठाऊक होतं, पण आई येईपर्यंत मी तो बघायला गेलो नव्हतो.

दुसरी जागा रामनगर. गंगेच्या पलीकडच्या तीरावर, अस्सी घाटाच्या थोडं वरच्या अंगाला. आता सामनेघाटाच्या पुलावरून पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं. काशीनरेश बलवंतसिंहांनी १७५० च्या सुमाराला हा किल्ला बांधला. आतल्या संग्रहालयात पालख्या, जुन्या मोटारी, हत्यारं आहेत. धूळ आहे हे कबूल करतो. पण किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूला उभं राहून पलीकडे बघा. काशीचे घाट अर्धचंद्रासारखे वळलेले एका नजरेत येतात. घाटावर उभं राहून घाट दिसत नाहीत, त्यासाठी पलीकडे यावं लागतं.

रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीच्या सुमाराला सुरू होऊन आश्विनात संपते. ३१ दिवस चालते. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, जनकपूर तिसरीकडे, आणि प्रेक्षक रामाच्या मागोमाग चालत जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काशीला आलात तर एक संध्याकाळ इथे काढा. परतीची गाडी मात्र आधी ठरवून ठेवा, गर्दीत रात्री वाहन मिळत नाही.

आणि फौजी माणूस म्हणून एक आग्रह. रामनगरच्या एका गल्लीत लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर आहे. आता ते संग्रहालय केलं आहे. खोल्या बघा. या घरातला माणूस १९६५ च्या युद्धात पंतप्रधान होता. मी तेव्हा पाच वर्षांचा. वडील रेडिओला कान लावून बसायचे ते मला आठवतं. रामनगरला लस्सी चांगली मिळते, कुल्हडमधली. घर बघून मग लस्सी प्या.

आता तिसरी जागा, चुनार. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

चुनार काशीहून साधारण चाळीस किलोमीटर, मिर्झापूर जिल्ह्यात. रामनगर, नारायणपूर या मार्गाने मोटारीने दीड तास धरा. हावडा-दिल्ली मुख्य मार्गावर चुनार स्टेशन आहे, रेल्वेनेही जाता येतं. गंगेला अगदी खेटून एक टेकडी आहे, पावलाच्या आकाराची. म्हणून जुनं नाव चरणाद्री. वामनाने पहिलं पाऊल इथे ठेवलं अशी श्रद्धा आहे. टेकडीवर किल्ला. आत भर्तृहरीची समाधी दाखवतात, खोल पायऱ्यांची बावडी आहे, सोनवा मंडप आहे. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता' कादंबरीतलं चुनारगढ ते हेच. दूरदर्शनवरची मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना नाव आठवेल.

किल्ल्याचं महत्त्व सोपं आहे. खालून गंगा जाते. बंगालकडे जाणारी प्रत्येक नाव या तोफांखालून जाणार. १५३० च्या सुमाराला शेरखानाने, म्हणजे पुढच्या शेरशहाने, किल्लेदाराच्या विधवेशी लग्न करून हा किल्ला मिळवला. १५३८ साली हुमायूनने तो वेढा घालून जिंकला. पण जिंकण्यात त्याचे महिने गेले आणि तेवढ्या वेळात शेरखानाने बंगालची राजधानी गौड घेतली. पुढच्या वर्षी चौसाच्या लढाईत हुमायून हरला, कसाबसा जीव वाचवून गंगा पार केली. आम्ही अधिकाऱ्यांना हे शिकवायचो: जागा जिंकली आणि वेळ हरला. १७८१ मध्ये काशीच्या चेतसिंहाने वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध उठाव केला, तेव्हा हेस्टिंग्ज काशीतून पळून याच किल्ल्यात येऊन बसला होता.

पण मराठी माणसाने चुनारला जायचं ते आणखी एका कारणासाठी. त्रिंबकजी डेंगळे.

शाळेत हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. इंग्रजांनी त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. खिडकीखाली एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणं म्हणायचा. गाण्यात पळून जाण्याचा बेत होता. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ही गोष्ट ते दर वर्षी वर्गात सांगायचे. मोतद्दाराचं गाणं स्वतःच्या चालीत म्हणून दाखवायचे, पोरं हसायची. आणि गोष्ट संपवताना आवाज खाली आणून म्हणायचे, "पण १८१८ ला पुन्हा सापडला. मग इंग्रजांनी चूक केली नाही. पार गंगेकाठी चुनारला नेऊन ठेवला. अकरा वर्षांनी तिथेच गेला." चुनार त्यांनी कधी पाहिलं नाही. बघायची इच्छा मात्र घरात अनेकदा बोलून दाखवली होती.

आई माझ्याकडे आली तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "इथून चुनार किती लांब?"

मी म्हटलं, "जवळच आहे, दीड-दोन तास. रविवारी जाऊ."

पहिल्या रविवारी इन्स्पेक्शनची तयारी निघाली. दुसऱ्या रविवारी जवानांच्या पासिंग आउट परेडची रंगीत तालीम. तिसऱ्या रविवारी साहेबांकडे दुपारचं जेवण होतं. ते टाळता आलं असतं, मी टाळलं नाही. चौथ्या रविवारी धाकटा भाऊ तिला न्यायला आला. दर शनिवारी रात्री आई विचारायची, "उद्या जायचं ना रे?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." तिने कधी कुरकुर केली नाही. कोणावर ढकलू? ड्युटी खरी होती, पण चार रविवारांतला एक तरी माझ्या हातात होता.

मुघलसरायला त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं. आठवड्याने कराडहून पोस्टकार्ड आलं. खाली एक ओळ होती: गाडी चुनारला जरा हळू झाली, किल्ला काही दिसला नाही, पण पाटी वाचली.

पुढच्या वर्षी श्रावणात आई गेली. मी ईशान्येकडे पोस्टिंगवर होतो. अंत्यसंस्काराला पोहोचू शकलो नाही.

मी चुनारला पहिल्यांदा गेलो डिसेंबर २०१५ मध्ये, निवृत्त होऊन वर्ष झाल्यावर. पत्नी बरोबर होती. किल्ल्याच्या काही भागात पोलीस दलाचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे सगळीकडे जाता येत नाही. दारावरच्या जवानाला मी विचारलं, "यहाँ दक्खिन का कोई सरदार कैद था?" तो हसून म्हणाला, "साहब, यहाँ तो सभी कैद थे." त्याचंही खरंच होतं.

त्रिंबकजीची खोली नेमकी कुठली, ते मला कोणी दाखवू शकलं नाही, पाटीही दिसली नाही. मी घरी येऊन वाचायला लागलो. १८२४ साली रेजिनाल्ड हेबर नावाचे इंग्रज बिशप चुनारला आले होते. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्रिंबकजीला पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. पहारा कडक, गोऱ्यांचाही आणि देशी शिपायांचाही. झोपायच्या खोलीलासुद्धा गजांच्या खिडक्या, त्या पहारेकऱ्यांच्या ओसरीवर उघडणाऱ्या. नोकरांची येता-जाता झडती. पण राहायला मोठ्या हवेशीर खोल्या, एक छोटं देऊळ, आणि एका पिंपळाखाली छोटीशी बाग. त्या बागेत त्रिंबकजीने स्वतः फुलझाडं लावली होती. हेबरने त्यांतलं एकच झाड नाव घेऊन सांगितलं आहे. आपल्याकडे त्याला म्हणतात तेरडा.

तेरडा वाचला आणि मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या परड्यात आई गौरीसाठी तेरडा लावायची. नगर जिल्ह्यातला एक माणूस घरापासून हजारावर किलोमीटर लांब, पुन्हा कधी सुटणार नाही हे माहीत असलेला, आणि तो कैदेत तेरडा लावतो. तो खुनी होता की नव्हता, यावर वाद आहेत, ते इतिहासकारांनी बघावं. वडिलांच्या गोष्टीत मात्र हा भाग नव्हता. त्यांना तो सांगायला मिळाला असता तर पोरं त्या दिवशी हसली नसती. आईला तर तो नक्की सांगायला हवा होता.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी आल्या-गेल्यांना चुनारला नेतो. तटावरून गंगेचं वळण दाखवतो आणि ही गोष्ट सांगतो.

आता थोडं कामाचं, लिहून घ्या.

काळ ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुकं असतं, तेव्हा पहाटे निघू नका, धुकं फाटल्यावर निघा. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, वयस्कर माणसांना नेऊ नका. पावसाळ्यात गंगा फुगते, नावा बंद असतात.

सारनाथ अर्धा दिवस. रामनगर अर्धा दिवस. दोन्ही एका दिवसात बसतात: सकाळी सारनाथ, दुपारी रामनगर. चुनारला मात्र पूर्ण दिवस द्या. सकाळी सातला कचोरी-जिलेबी खाऊन निघा, दुपारी दोनला किल्ला सोडा, संध्याकाळच्या आरतीला दशाश्वमेधावर हजर. आम्ही सैन्यात जाण्याची वेळ नाही, परतीची वेळ आधी ठरवतो. कुटुंब बरोबर असताना हा नियम जास्त लागू पडतो.

गुडघे दुखणाऱ्यांनी चुनारचा चढ चालत चढू नये, वाहन बऱ्याच वरपर्यंत जातं. पाणी आणि चार दशम्या बरोबर ठेवा. परत येताना कुठे बाटी-चोखा मिळाला तर सोडू नका.

चौथा दिवस असेल तर आणखी तीन नावं. विंध्याचल: विंध्यवासिनी, अष्टभुजा आणि कालीखोह असा त्रिकोण करतात, नवरात्रात प्रचंड गर्दी असते. जौनपूर: गोमतीवरचा अकबराच्या काळातला दगडी पूल, अटाला मशीद आणि तिथली इमरती. आणि चंदौली जिल्ह्यात चंद्रप्रभा अभयारण्यातले राजदरी-देवदरी धबधबे. १९५७ साली तिथे गीरचे सिंह आणून सोडले होते, काही वर्षांत ते दिसेनासे झाले. पावसाळा संपल्या संपल्या जा. भर पावसात कड्याशी उतरू नका, पाणी वर कुठे पडलं ते खाली कळत नाही.

शेवटचं एवढंच. तुम्ही पुण्यात असाल, नागपुरात, इंदुरात, कुठेही असा. लांबच्या जागांची आपण तिकिटं काढतो, म्हणून तिथे जातो. दीड तासावरच्या जागेचं तिकीट काढावं लागत नाही, म्हणून ती राहते. घरात कोणी म्हातारं माणूस "ते किती लांब आहे रे?" असं विचारत असेल, तर ते अंतर विचारत नसतं. येत्या रविवारी गाडी काढा. साहेबांकडचं जेवण पुन्हा होईल.

जय हिंद.